आपापला बोल्ट

"ह्या तिघींतली कुठली घ्यायची ते तुम्ही सांगायचं, मुसळेमामा," जयवंतराव इंगवले काउंटरवर ओणवे होत म्हणाले. "मी लेथवाला. मला लोखंड कळतं, बंदूक कळत नाही."

मी खाकी कापड अंथरून त्यावर तीन रायफली ओळीनं ठेवल्या होत्या. सकाळपासून उभा होतो, त्यामुळं पायांच्या घोट्यांना सूज आली होती. लष्करात बावीस वर्षं आर्मरर म्हणून काढली, म्हणजे उभा जन्म बंदुका खोलण्यात, पुसण्यात आणि जोडण्यात गेला. हवालदार म्हणून निवृत्त होऊन कोल्हापुरात आलो आणि ह्या बंदुकीच्या दुकानात परत तेच काम धरलं. त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या निवडणुका होत्या. निवडणूक आली की परवानाधारकांनी आपापल्या बंदुका जमा करायच्या, हा आमच्याकडचा शिरस्ता. पोलीस ठाण्यात जागा पुरत नाही, म्हणून पुष्कळ लोक दुकानदाराकडं आणून ठेवतात. आमच्या मागच्या खोलीत तेव्हा पावणेदोनशे बंदुका उभ्या होत्या. प्रत्येकीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागलं तोंड बंद करणारा लोखंडी दांडा, काढून वेगळ्या पेटीत ठेवलेला, त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. बंदूक एका कुलपात, बोल्ट दुसऱ्या कुलपात.

इंगवल्यांच्या मागं त्यांची लेक उभी होती, शैलजा. वय सव्वीस-सत्तावीस. डाव्या हातानं उजवा कोपर धरून उभं राहायची तिला सवयच लागली होती. राज्याच्या नेमबाजी संघात ती होती, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली, उजव्या खांद्याचा चुरा झाला. आत धातूची पट्टी घालून डॉक्टरांनी सांगितलं, बंदूक विसरा. रायफलीचा धक्का ह्या खांद्याला झेपायचा नाही.

"डॉक्टर म्हणाले विसरा," इंगवले म्हणाले. "ही विसरंना. मग मी म्हटलं, धक्काच कमी केला तर?"

त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. क्लबचं पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र, मुंबईचं पत्र, दिल्लीचं पत्र. दोन वर्षं त्या माणसानं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून एका नव्या काडतुसाच्या प्रयोगाची परवानगी मिळवली होती. दारू कमी, गोळी हलकी, पितळेच्या नळकांड्याची मान बारीक. शिंपी कपड्याचं माप घेतो तसं खांद्याचं माप घेऊन काडतूस बेतायचं, असा त्यांचा विचार.

"पप्पांनी लेथवर लाकडाची पन्नास काडतुसं कातली आहेत," शैलजा म्हणाली. "घरात शोकेसमध्ये देव कमी आणि काडतुसं जास्त."

"गप गं. मामा, कागदांतच सगळं गेलं. आता स्वस्तातली पण खात्रीची रायफल पाहिजे. ह्यातली सांगा."

पहिली विलायती होती, अक्रोडाच्या लाकडाची, बघत राहावं अशी. तिच्यासाठी त्यांना एक लेथ विकावा लागला असता. दुसरी बऱ्यापैकी नवी, वर दुर्बीण लावलेली. तिसरी आपल्याकडच्या कारखान्यातली जुनी, तीनशे पंधरा बोअरची. दस्त्याला चीर गेलेली आणि ती तांब्याच्या तारेनं आवळलेली. मालक वारले होते आणि वारसांना ती घरात नको होती.

मी तिसरीवर हात ठेवला.

"ही?" इंगवल्यांचा चेहरा पडला. "मामा, हिला तर पट्टी बांधलीय."

"माझ्याहून बरी आहे मग," शैलजा म्हणाली. "माझी आत आहे."

मला हसू आलं. मी म्हणालो, "जयवंतराव, दस्ता सुतार बदलून देईल. घोडा मी घासून देतो. नळी तर तुम्ही तुमच्या काडतुसासाठी बदलणारच. मग पैसे कशाचे मोजायचे? जे बदलता येत नाही त्याचे." मी बोल्ट उचलून मागं ओढला, बाहेर काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "ह्या पुढच्या दोन दाढा बघा. घोडा ओढला की सगळा स्फोट ह्या दोन दाढांवर येतो. आणि त्यांच्या मागं चार बोटांवर माणसाचा गाल असतो."

लेथवाल्यानं दाढांवरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे बदलले. लोखंड कळत होतं त्यांना.

"ही एकसारखी टेकलेली आहे," ते हळूच म्हणाले.

"कारखान्यात घासून बसवलेली. म्हणून बोल्टवर आणि बॉडीवर एकच नंबर असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट हिच्यात घातला तर जाईल, बंदही होईल. पण केसाएवढी फट राहिली तर नळकांडं फुटतं आणि आग मागं येते."

"मागं म्हणजे?" शैलजानं विचारलं.

मी माझ्या उजव्या गालाला बोट लावलं.

इंगवले म्हणाले, "मामा, ही पोर गाल लावणार आहे हिला. तुम्ही तपासून, तुमच्या हातानं लिहून द्या. तुमचा कागद असला की मी दिल्लीचाही बघणार नाही."

ठरलं असं की, आधी साध्या काडतुसांनी रविवारी क्लबच्या मैदानावर चाचणी घ्यायची. शैलजानं पाच गोळ्या झाडायच्या, खांदा किती सोसतो ते बघायचं आणि त्यावरून नव्या काडतुसाचं माप धरायचं. डॉक्टर पाच गोळ्यांना कसेबसे तयार झाले होते.

हे झालं मंगळवारी. बुधवारी निवडणुकीचा निकाल लागून गेला होता आणि लोक बंदुका परत न्यायला यायला लागले. दिवसभर पेट्या उघड, चिठ्ठ्या सोड, बोल्ट धू, पुस, बसव, सही घे. त्यात राममंदिरात उत्सव चालू होता आणि संध्याकाळी सहाला कीर्तन. कीर्तनाचं मला वेड आहे. लष्करात असताना लडाखमध्ये बर्फात बसून मी टाळ नसताना डब्याची दोन झाकणं वाजवली आहेत. बुवा उभे राहिले, झांज वाजली, पहिला गजर झाला की माझ्या अंगातला सगळा शीण उतरतो. त्या दिवशीचे बुवा तर पूर्वरंगात असा काही सूर लावायचे की बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागायची.

साडेपाच वाजले होते. दोन कामं उरली होती. इंगवल्यांची रायफल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार रेडेकर न्यायला येणार होते ती. दोन्ही तीनशे पंधरा, एकाच कारखान्याच्या. सुभेदार आजऱ्याच्या पुढच्या एका गावचे, सत्तरी ओलांडलेले. रानडुकरं शेतात उतरली की हवेत बार काढायला त्यांनी ती ठेवली होती.

आर्मररला पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे, की एका वेळी एकच हत्यार. एक ताट, एक बोल्ट, तो जागेवर जाईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. बावीस वर्षांत मी हे मोडलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन्ही बोल्ट एकाच ताटात रॉकेलमध्ये सोडले, कारण तसं केलं तर दहा मिनिटं वाचत होती. पुसले, तेल लावलं, बसवले. दोन्ही गुळगुळीत बंद झाले. मी इंगवल्यांच्या कागदावर लिहिलं, तपासली, वापरण्यास योग्य, आणि सही केली. कीर्तनाला वेळेवर पोचलो. पुढं बसलो. बुवा नाचले, मीही नाचलो.

रविवारी सकाळी क्लबच्या मैदानावर दहा-बारा माणसं जमली होती. शैलजानं केस घट्ट बांधले होते, खांद्यावर उशीसारखी पट्टी होती. ती फार बोलत नव्हती. इंगवलेच सगळ्यांना सांगत होते, "मुसळेमामांनी निवडली बरं का. स्वस्तातली, पण एक नंबर!" त्यांनी पेढे आणले होते. चाचणीला पेढे आणणारा माणूस मी तो पहिलाच पाहिला.

हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना बोल्ट उघडून रिकामं दाखवायचं, हा आमचा रिवाज. मी बोल्ट उघडला, शैलजाला आत बघू दिलं. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. बोल्टच्या मुठीवर नंबर कोरलेला असतो, त्यावर ऊन पडलं. नऊशे पाच. मी बॉडीवर बघितलं. चारशे बहात्तर.

एकदा वाटलं, नजर गेली. चष्मा पुसला. परत बघितलं.

आता खरं सांगतो. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की बोल्ट बंद होतो आहे. गुळगुळीत होतो आहे. दहातल्या आठ वेळा काही होत नाही. माझी सही त्या कागदावर आहे आणि ह्या माणसानं पेढे आणलेत. एवढं सगळं एका श्वासात मनात आलं. शैलजानं हात पुढं केला होता. तिचा गाल माझ्यापासून हातभर अंतरावर होता, त्यावर एक बारीकशी लव होती.

"ही आज उडवायची नाही," मी म्हणालो.

"का वो?" इंगवले पुढं आले.

"बोल्ट हिचा नाही."

"म्हणजे कुणाचा?"

"दुसऱ्या रायफलीचा. माझ्या हातून अदलाबदल झाली."

इंगवल्यांनी खिशातून माझा कागद काढला, उलगडला आणि माझ्यासमोर धरला. "ही सही कुणाची आहे, मामा? ही कुणाची सही आहे? दोन वर्षं मी दिल्लीच्या साहेबांवर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला. पोरीचा गाल होता तिथं!"

"माझीच सही आहे."

"तपासली म्हणून लिवलंय!"

"लिहिलंय. तपासली नव्हती. कीर्तनाला जायची घाई होती."

कुणीतरी मागं हसलं. इंगवल्यांनी कागद चुरगाळला. ते आणखी बोलणार होते, पण शैलजानं त्यांच्या दंडाला धरलं. ती माझ्याकडं बघत होती.

"मामा, अदलाबदल म्हणालात ना. मग हिचा बोल्ट कुठाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. तोवर मी फक्त समोरच्या पोरीचा विचार करत होतो. हिचा बोल्ट सुभेदारांच्या रायफलीत होता. ते गुरुवारी सकाळी ती घेऊन गेले होते. आज रविवार.

सुभेदारांच्या गावात फोन होता तो सोसायटीच्या कचेरीत, आणि रविवारी कचेरी बंद. मी एसटी स्टँडकडं निघालो. दहा पावलं गेलो तोच मागं जीपचा आवाज झाला.

"बसा," इंगवले म्हणाले.

वाटेत घरी थांबून मी माझा गेज घेतला, बोल्ट नीट बसतो का ते बघायचा बोटभर लोखंडी ठोकळा. मग जीप सुटली ती थेट गडहिंग्लजच्या रस्त्याला. शैलजा मागं रायफलीची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मी नाम घ्यायचा प्रयत्न केला. नाम येईना. चार दिवसांत सुभेदारांनी बार काढला असेल का, एवढंच डोक्यात. ऊस उभा होता, रात्री डुकरं येणारच. मी ठरवून टाकलं की आज परत गेलो की दुकानाच्या किल्ल्या मालकांच्या हातात द्यायच्या. ह्या हातांनी पुन्हा बोल्ट धरायचा नाही. ते ठरलं तसं मला थोडं हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

गडहिंग्लज गेल्यावर इंगवले समोर बघतच म्हणाले, "जेवला नसाल."

"नाही."

"पेढे आहेत मागं." आणि थोड्या वेळानं, "मीही एकदा लेथच्या चकमधी लोखंड नीट न आवळता मशीन चालू केली होती. पोऱ्याचं बोट गेलं. मी सगळ्यांना सांगितलं, पोऱ्याची चूक."

पुढं चढ लागला, त्यांनी गिअर बदलला.

सुभेदारांचं घर गावाच्या कडेला, कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. मला बघून उठले.

"अरे, हवालदार! तुम्ही इकडं कुठं? आन् ही मंडळी?"

मी सरळ उभा राहिलो. सवयीनं हात कपाळाकडं गेला. "साहेब, तुमच्या रायफलीत बोल्ट दुसरा बसवला गेलाय. चूक माझी. तुम्ही ती उडवली का?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या उजव्या गालावर हळदीचा जाड लेप होता. कानापासून जबड्यापर्यंत. डोळ्याखालची कातडी लाल, तुळतुळीत झालेली.

"न्हाई," ते म्हणाले. "कुठं उडवली? आल्यापासनं खुंटीलाच हाय."

"मग गालाला काय झालं, आजोबा?" शैलजानं विचारलं.

"दाढी करताना कापलं, पोरी. म्हातारपण. हात हालतो."

त्यांच्या दुसऱ्या गालावर आणि हनुवटीवर चार दिवसांची पांढरी खुरटी दाढी होती.

आतून त्यांच्या बायकोनं डोकं काढलं. त्यांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं डोकं आत घेतलं.

मी रायफल खुंटीवरून काढली. बोल्ट ओढला तशी आतून जळक्या दारूची घाण आली, ताजी. बोल्टच्या तोंडाशी पितळेचा भुगा चिकटला होता, काजळी मागपर्यंत गेली होती. मी मान वर केली. सुभेदार अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होते, जणू त्या कोंबड्या आजच आणल्या असाव्यात.

खाटेवर कापड अंथरलं आणि पहिल्यांदा त्यांचीच रायफल घेतली. काजळी काढली, नळीत बघितलं, बॉडीला कुठं तडा गेलाय का ते नखानं चाचपून बघितलं. इंगवलेही जवळ येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं चाचपलं. नव्हता गेला. मग नऊशे पाचचा बोल्ट नऊशे पाचमध्ये घातला. गेज लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घामानं चष्मा घसरत होता. त्यानंतर चारशे बहात्तर. पाऊण तास लागला असेल. कुणी घाई केली नाही.

"झालं?" सुभेदार उठले. "द्या. बार काढून बघतो. बंदूक दुरुस्त झाली म्हंजे बार काढायचा असतो."

त्यांनी हात पुढं केला. तोच उजवा गाल ते परत तिथं ठेवणार होते.

"साहेब," मी म्हणालो, "आधी माझा गाल. मग तुमचा."

"तुमी माळकरी माणूस. तुमी कशाला?"

"मातीत बार काढायला माळ आड येत नाही."

अंगणाच्या खाली ओढ्याची उंच दरड होती. मी काडतूस घातलं, बोल्ट बंद केला. निवृत्तीनंतर मी एकदाही घोडा ओढला नव्हता. तपासायचो, दुसरे उडवायचे. गाल लाकडाला लावला तेव्हा कळलं की ते लाकूड गार असतं, आणि बोल्ट डोळ्याच्या इतका जवळ असतो की त्याच्यावरचा नंबर दिसत नाही. मी डोळे मिटले नाहीत. ओढला.

दरडीची माती उडाली. कोंबड्या पळाल्या. मी बोल्ट उघडला, नळकांडं बाहेर पडलं. इंगवल्यांनी ते उचलून उजेडाकडं धरलं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं आणि मान हलवली. साफ होतं.

मग सुभेदारांनी रायफल घेतली. दुसरं काडतूस स्वतः घातलं. हळदीचा गाल त्या लाकडावर टेकवला, कळ आल्यासारखे ओठ घट्ट झाले त्यांचे, पण गाल काढला नाही. बार झाला. त्यांनी रायफल खाली घेतली आणि तिच्याकडं बघत म्हणाले,

"हां. आता बरी वागली."

म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं. आमच्याही आलं. शैलजानं बापाकडं बघितलं. बापानं नळकांडं मुठीत धरलं. मी काहीतरी बोलायला पुढं झालो. माफी म्हणा, पाया पडणं म्हणा, किल्ल्या देऊन टाकणार आहे ते सांगणं म्हणा, काहीतरी. तेवढ्यात सुभेदारांनी रायफल माझ्या हातात दिली आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "आगं, च्या झाला का न्हाई? माणसं लांबनं आल्यात!" आणि मग आवाज खाली आणून मला, "पुढल्या निवडणुकीला तुमच्याकडंच जमा करणार हाय, हवालदार. हिच्या खोडी दुसऱ्या कुणाला ठाऊक?"

चहा आला. आम्ही चौघं ओसरीवर बसलो. इंगवल्यांनी पेढ्यांचा पुडा उघडून मधे ठेवला. सुभेदारांनी चहा बशीत ओतला, बराच वेळ फुंकर घालून गार केला, आणि मान एका बाजूला कलवून तोंडाच्या डाव्या कोपऱ्यानं थोडा थोडा ओढू लागले. ते बशी रिकामी करेपर्यंत मी माझ्या कपाला हात लावला नाही.